सोसायटीत फवारणी करताना आमच्या काकांना विषबाधा झाली, गार्डनच्या माणसांची सेफ्टी तुम्ही कशी सांभाळता?

बागवाला_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात गार्डन मेंटेनन्सची छोटी कामं घेतो, पाच सोसायट्या आणि दोन बंगले, माझ्यासकट सहा माणसं आणि त्यात दोन बायका. वडीलही माळीच होते. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर नीट झोप लागत नाहीये म्हणून लिहितोय, पोस्ट मोठी होईल, सांभाळून घ्या.

एका सोसायटीत जास्वंदीवर मिलीबग, म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड, इतका पडला होता की फांद्या कापूस लावल्यासारख्या दिसत होत्या. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता आणि कमिटीकडून रोज फोन, त्याआधी कसंही करून साफ करा. आमच्याकडे एक काका आहेत, वय अठ्ठावन्न, वडिलांच्या वेळेपासून आमच्यासोबत. ओळखीच्या एका नर्सरीवाल्याने कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध ओतून दिलं, म्हणाला जालीम आहे, पंपाला दोन झाकणं टाका बस. काकांनी सकाळी साडेदहाला फवारणी चालू केली, तोंडाला रुमाल, पायात चप्पल, हातात काही नाही. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप झाकणातून गळत होता, शर्ट मागून पूर्ण भिजला, आणि नोझल चोक झालं तेव्हा त्यांनी तोंडाने फुंकून साफ केलं. हे सगळं मला नंतर कळलं, मी तेव्हा दुसऱ्या साईटवर होतो.

बारा वाजता फोन आला की काकांना दरदरून घाम सुटलाय. आम्हाला वाटलं ऊन लागलं, कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजलं, सावलीत बसवलं, ह्यात पाऊण तास गेला. मग उलट्या, तोंडातून लाळ, आणि म्हणायला लागले डोळ्यापुढे धुकं आल्यासारखं झालंय. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, कुठलं औषध मारत होते? बाटलीवर लेबलच नाही, नर्सरीवाला फोन उचलेना. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघून अंदाज केला आणि इंजेक्शनं चालू केली म्हणून निभावलं. चार दिवस आयसीयू, काल जनरल वॉर्डला आणलं.

काकूंनी मला एक शब्दही लावला नाही आणि तेच जास्त लागतंय. चूक माझीच आहे, ती बाटली मीच घेऊन ठेवली होती. तर मला विचारायचंय की तुम्ही लोक माणसांना नक्की काय काय देता, काय सक्तीचं ठेवता, आणि ऊन लागलंय की विष चढलंय हे ओळखायचं कसं? आणि सोसायटीकडून ह्याचे पैसे कसे मागता, कारण दर महिन्याला पहिला प्रश्न हाच असतो की गेल्या वर्षी एवढं होतं मग ह्या वर्षी का वाढवलं.

वॉर्ड_सिस्टर

दादा, काका वाचले हे ऐकून बरं वाटलं. मी स्टाफ नर्स आहे आणि २०१७ साली विदर्भातच ड्युटीला होते. त्या पावसाळ्यात कापसावरच्या फवारणीने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात आली. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता, त्यामुळे नोझल वर धरून मारायला लागायचं आणि सगळे तुषार तोंडावर यायचे. तुमच्या सोसायटीतलं उंच कुंपण, मेंदी, जास्वंद, वेली, तिथेही हेच होतं, फक्त तिकडे कोणी त्याला शेती म्हणत नाही म्हणून कोणाचं लक्ष जात नाही.

आता ओळखायचं कसं ते. तुम्ही वर्णन केलंय तसं औषध बहुतेक ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं असणार. त्यात माणसाला सगळीकडून पाणी सुटतं, घाम, लाळ, डोळ्यात पाणी, नाक वाहतं, पोटात मुरडा येतो, उलटी जुलाब, छातीत घुरघुर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात म्हणून धूसर दिसतं. मसल फडफडतात, पापणी किंवा दंडावरचं मांस आपोआप उडताना दिसतं. उन्हाचा झटका बसलेल्या माणसाचं अंग तापाने भाजतं आणि तो बरळायला लागतो, पण लाळ गळणं आणि बारीक बाहुल्या हे उन्हाचं लक्षण नाही. आणि खरं सांगू का, फवारणी करणाऱ्या माणसाला काहीही झालं तर पहिल्यांदा विषच धरून चाला, ऊन असेल तर हॉस्पिटलवाले सांगतीलच, पाऊण तास मात्र परत येत नाही.

कपडे लगेच काढा, अगदी बनियनसकट, आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग आणि केस धुवा, कारण भिजलेला शर्ट अंगावर असेपर्यंत विष कातडीतून आत जातच राहतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळ्यांना वाटतं विष फक्त पोटातून जातं. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, दूध नाही, तूप नाही. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली, निदान लेबलचा फोटो, सोबत पाठवा. अॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन ह्या गटावर चालतं, सगळ्या विषांवर नाही, तणनाशकातल्या पॅराक्वाटला तर उताराच नाही, म्हणून डॉक्टर पहिलं नाव विचारतात.

मातीतला_माणूस

मी कृषी पदवीधर, अकरा वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतोय. ही कोल्ड्रिंकच्या बाटलीतली औषधं बघून माझं डोकंच फिरतं. सुटं औषध घ्यायचंच नाही, सीलबंद बाटली आणि पक्कं बिल, नाहीतर ते औषध घरात नको. पाण्याची बाटली समजून कोणी तोंडाला लावली तर काय, आणि सोसायटीत तर लहान मुलं फिरत असतात!!

प्रत्येक बाटलीवर चौकोनात दोन त्रिकोण असतात, खालच्या त्रिकोणाचा रंग बघायचा. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोसायटीच्या बागेत लाल आणि पिवळ्याची गरजच पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कुंडीत टाकायला अजून लोक माझ्याकडे फोरेट मागतात, ज्याला सगळे थिमेटच म्हणतात, ते दाणे हाताने टाकायची जुन्या माळ्यांची सवय आहे. ते आणि डायक्लोरव्हॉस म्हणजे लोकांचं नुवान, दोन्हीवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुन्या डब्यातून निघतं. शेडमधला मागचा कप्पा एकदा उघडून बघा दादा, मला खात्री आहे काहीतरी सापडेल. आणि ग्लायफोसेट, जे पार्किंगच्या कडेचं गवत मारायला सर्रास वापरतात, त्याच्यावर २०२२ च्या ऑक्टोबरपासून निर्बंध आहे की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं.

रुमालाबद्दल बोलायलाच पाहिजे. ओला रुमाल म्हणजे विषाची पट्टी तोंडाला बांधून ठेवल्यासारखं. कोविडमधले उरलेले एन ९५ पण धुळीसाठी आहेत, औषधाची वाफ ते अडवत नाहीत, त्याला कार्ट्रिज, म्हणजे वाफ गाळणारी डबी, असलेला मास्क लागतो. हातमोजे नायट्रिलचे, कोपरापर्यंतचे, कापडी किंवा चामड्याचे अजिबात नको कारण ते औषध पिऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी कोरडे वाटले तरी आत तेच असतं. गमबूट घातले की पँट बुटाच्या बाहेरून सोडा, आत खोचली तर ओघळ सरळ पावलापर्यंत जातो. पाठीवर प्लॅस्टिकचा एप्रन, गळका पंप त्या दिवशी बंद. नोझलला जुना टूथब्रश ठेवा, पंपालाच दोरीने बांधून टाका म्हणजे कोणी तोंड लावणार नाही. वारा असेल तर मारू नका, असलाच तर पाठीशी घ्या. आणि तंबाखू. फवारणी केलेल्या हातावर तंबाखू मळून तोंडात टाकणं हे मी स्वतः डोळ्याने शंभरदा बघितलंय, ह्याच्याइतका सरळ रस्ता विषाला दुसरा नाही.

बाय द वे मिलीबगला एवढं जालीम लागतच नाही. आधी जास्त भरलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. मग पाइपने जोरात पाणी मारा, मग साबणपाणी आणि कडुनिंबाचं तेल लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, आठवड्याने परत. मुंग्यांचा बंदोबस्त करा कारण त्याच मिलीबगला एका झाडावरून दुसऱ्यावर पोचवतात. तीन आठवडे लागतात. कमिटीला तीन आठवडे थांबायचं नसतं, खरा प्रश्न तिथे आहे.

खुरपं

मी टाईप नाही करत, मोबाईलवर बोलून लिहिते, चुकलं तर समजून घ्या. मी गार्डनमध्येच कामाला आहे चौदा वर्षं, ठेकेदाराकडं. औषधाचं सगळ्यांनी सांगितलं पण आमच्या बायकांचं काम खुरपणीचं आन् त्याचं कोणी काय लिहिलं नाही.

गाजर गवत आम्ही उघड्या हाताने उपटतो. पहिली काही वर्षं काय झालं नाही, मग एका दिवाळीनंतर मनगटाला खाज सुटली, मग गळ्याला, मग पापण्या सुजल्या, कातडी काळी आन् जाड झाली म्हशीसारखी. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे आता जन्मभर राहणार, त्याच्या वाऱ्याला पण उभं राहू नका. आता मी ते गवत लांबून दिसलं तरी दुसऱ्या बाईला सांगते, पण तिला तरी का सांगायचं, तिचीबी कातडीच हाय. हातमोजे द्या हो नुसते, पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या साडीवर घालायला, आन् फुलं यायच्या आधी उपटा. चाफा छाटताना, शेराचं झाड तोडताना चीक डोळ्यात जातो. रुईचा तर लई वाईट, दुखत नाही पण दुसऱ्या दिवशी दिसायचं कमी होतं, लगेच पाण्याने धुवत राहायचं आन् डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं.

दुसरं म्हणजे संडास. दादा तुमच्या पाच सोसायट्यात तुमच्या बायकांना संडासला जाऊ देतात का ते एकदा विचारा त्यांना, तुम्हाला सांगायला लाजतील. आम्ही सकाळी आठपासून दोनपर्यंत पाणीच पीत नाही, कारण प्यायलं की जायला लागतं आन् जायला जागा नाही. एप्रिल मे मध्ये बिनपाण्याचं सहा तास उन्हात. लघवीला जळजळ तर आमच्यात सगळ्यांनाच. वॉचमनच्या संडासची चावी मिळाली तरी आमचं निम्मं दुखणं जाईल.

बागवाला_पुणे

ताई, तुमचं वाचून मी लगेच आमच्या दोघींना फोन केला. दोन सोसायट्यांत जाऊ देत नाहीत. त्यातली एक मावशी माझ्याकडे सहा वर्षं आहे आणि मला आज कळतंय.

मातीतला दादा, शेड उघडली. तीन डबे निघाले, एकावर लेबल अर्धं फाटलंय पण लाल त्रिकोण दिसतोय. ह्याचं काय करू, नाल्यात तर टाकणार नाही.

मातीतला_माणूस

नाल्यात नको, ड्रेनेजमध्ये नको, जाळू नको, घंटागाडीत तर अजिबात देऊ नको, तिथला माणूस पण उघड्या हातानेच कचरा काढतो. डबे पिशवीत बंद करून, वर विष लिहून कुलपात ठेव आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे घातक कचरा म्हणून लेखी विचार. रिकामी बाटली तीनदा विसळायची, ते पाणी पंपातच ओतायचं, आणि बाटलीला भोक पाडून टाकायची म्हणजे कोणी तेल भरायला नेणार नाही.

एक_डोळा_कटर

मी ग्रास कटर चालवायचो, पाठीवरचा ब्रश कटर, एका कंपनीच्या कॅम्पसमध्ये ठेक्यावर. तीन वर्षांपूर्वी पात्याला खडा लागून डाव्या डोळ्यात गेला. साधा उन्हाचा गॉगल होता, तो फुटून त्याचीच काच आत गेली. दोन ऑपरेशनं झाली, डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. मशीनला गार्ड होता पण गवत अडकतं म्हणून आधीच्या माणसाने काढून ठेवला होता, मीही बसवला नाही कारण त्याशिवाय काम पटपट व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत एवढा एरिया झालाच पाहिजे असं होतं.

म्हणून सांगतो, जाळीचा किंवा पॉलीकार्बोनेटचा फेस शील्ड आणि त्याच्या आत सेफ्टी गॉगल, दोन्ही. गार्ड कधीही काढायचा नाही. खडी असलेल्या जागी लोखंडी पातं नाही, नायलॉनची दोरी लावा, खडा तिनेही उडतो पण पात्याएवढा नाही. चालू करण्याआधी एकदा चालत जाऊन दगड, तारा, बाटल्या उचला. पंधरा मीटरच्या आत कोणी नको, मशीनच्या पुस्तकात पण हेच असतं, सोसायटीत मुलं शाळेतून यायच्या वेळेला मशीन बंदच ठेवा. गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात. कानाला पण काहीतरी लावा, माझ्या सोबतच्या माणसाला चाळिशीत ऐकू कमी यायला लागलंय आणि दोन तास सलग चालवलं की त्याची बोटं बधिर होतात.

नारळावर आणि शिडीवर चढवणाऱ्यांनी वरून वीजेची तार जाते का बघा, अल्युमिनियमची शिडी तारेजवळ न्यायचीच नाही.

जांभा_आणि_काजू

रत्नागिरीकडून. आमच्याकडे पावसाळ्याआधी बागेतला पाला गोळा करताना फुरसं हा विषारी साप हमखास, जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात असतं. तुमच्याकडे पुण्यात घोणस जास्त, ढिगाऱ्याखाली, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. पाल्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने किंवा पाला ओढायच्या दातेरी पंजाने सारायचं, गमबूट पाहिजेतच. चावला तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक तर नाहीच नाही. अंगठी, बांगड्या काढा, पाय हलवू देऊ नका आणि सरकारी दवाखाना गाठा, तिथे सापाचं इंजेक्शन फुकट मिळतं. साप पकडून न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर तेच एक इंजेक्शन चालतं.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. माती, शेणखत, गुलाबाचा काटा, गंजलेलं खुरपं. दहा वर्षांनी बूस्टर लागतो, आमच्या बागेतल्या निम्म्या गड्यांनी शाळेनंतर घेतलेलंच नव्हतं.

कमिटीवाली_ताई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, ठाण्यात आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते चार वर्षं. कमिटीचा माणूस वाईट नसतो पण त्याला कोटेशनमध्ये फक्त शेवटचा आकडा दिसतो, त्यामुळे तुम्ही सेफ्टीचे पैसे त्या आकड्यात लपवलेत तर सगळ्यात स्वस्त ठेकेदार तुम्हाला हरवणार, आणि तो स्वस्त का आहे तर त्याची माणसं चपलेवर फवारणी करतायत. म्हणून वेगळी ओळ टाका. आमच्या माळीदादांनी तसंच केलं होतं, गमबूट, हातमोजे, गॉगल, मास्क, एप्रन, माणशी वर्षाला इतके, खाली बिलं जोडलेली. मीटिंगमध्ये एकाने विचारलं हे कशाला, तर दादांनी मास्कचं काळं पडलेलं जुनं कार्ट्रिज टेबलावर ठेवलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

कंत्राटातच लिहून घ्या: फवारणी फक्त सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, लाल पिवळ्या त्रिकोणाचं औषध नाही, एप्रिल मे मध्ये बारा ते चार उन्हातलं काम नाही, पिण्याचं पाणी आणि संडास सोसायटीने द्यायचा. हे शेवटचं आम्ही खुरपं ताईंसारख्याच एका बाईंमुळे लिहिलं.

विम्याचं पण बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला फक्त २० रुपये, बँकेच्या खात्यातून कापले जातात, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात पूर्ण गेला तर १ लाख. झाडावरून पडणं किंवा साप चावणं असेल तर लगेच केलेली हॉस्पिटलची नोंद लागते, ती कागदं सांभाळा. पण ह्यात हॉस्पिटलचा खर्च मिळत नाही, त्याला तुमच्या नावावर वर्कमन कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराच्या भरपाईची, पॉलिसी काढताना मेडिकलचं कव्हर आहे का ते एजंटकडून लेखी घ्या. दहा माणसं झाली तर ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं पण विचारा.

बागवाला_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कटर भाऊ, तुमचं वाचून आमच्या मशीनचा गार्ड आज परत बसवला, तो पोरगा नको म्हणत होता, त्याला तुमची पोस्ट वाचायला दिली. सहाही जणांचा २० रुपयांचा विमा उद्या बँकेत जाऊन करतोय. कोटेशन नवीन बनवतोय, पाचातली एखादी सोसायटी सोडायला लागली तर सोडेन असं घरी बोलून ठेवलंय.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. काकांना परवा डिस्चार्ज देतायत आणि ते म्हणतायत सोमवारपासून येतो, घरी बसून काय करू. आणू का कामावर?

वॉर्ड_सिस्टर

नाही दादा, सोमवार नाही. फवारणीला तर डॉक्टर लिहून देईपर्यंत अजिबात नाही, हे औषध शरीरातलं जे एन्झाइम बंद पाडतं ते भरून यायला आठवडे लागतात आणि तोपर्यंत थोडंसं औषध पण जास्त लागतं. नुसत्या रोपांना पाणी घालायला सुद्धा फॉलोअपनंतरच. घरी गेल्यावर मान उचलायला जड वाटली, पापण्या पडायला लागल्या, जिना चढताना मांड्या साथ देईनात किंवा दम लागला तर रात्र असली तरी उचलून आणा, सकाळपर्यंत थांबू नका. आणि त्या दिवशीचा शर्ट घरी नेला असेल तर काकूंना धुवायला देऊ नका, पिशवीत बांधून टाकून द्या.

बागवाला_पुणे

शर्ट घरीच गेलाय. आत्ता निघतोय.